न फुटलेल्या अंड्याची साक्ष

बारा अंडी बसवली आणि चारच पिल्लं निघाली, की घरोघरी पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. उरलेली आठ अंडी कानाशी धरून हलवली जातात, ‘नासली’ म्हणून उकिरड्यावर जातात आणि मग दोष कोणाचा याची चर्चा सुरू होते. कोंबडी नीट बसली नाही, वीज गेली होती, ढग गडगडले, मशीनच बिघडलंय. यातलं एखादं कारण खरंही असेल. पण ते खरं आहे की नाही, हे सांगू शकणारा पुरावा त्या आठ अंड्यांतच बंद होता आणि तोच आपण फेकून दिला. पुढच्या खेपेला मग कोणी पाण्याची वाटी वाढवतो, कोणी बल्ब बदलतो, कोणी कोंबडीच बदलतो; आणि पुन्हा चारच पिल्लं निघतात. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं, की न फुटलेलं अंडं फेकण्याआधी फोडून पाहावं. आतला गर्भ साधारण कितव्या दिवशी थांबला हे कळलं, की कारणांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते. ते न कळता केलेला उपाय लागू पडला, तरी तो नशिबानेच लागू पडतो.

हे शक्य होतं, कारण कोंबडीच्या अंड्यातला गर्भ २१ दिवसांच्या ठरलेल्या क्रमाने वाढतो आणि जिथे थांबतो तिथल्या खुणा मागे ठेवतो. अंडं घातलं जाण्याआधी सुमारे २४ ते २६ तास कोंबडीच्या पोटात असतं. त्यामुळे बाहेर येतं तेव्हाच सबीज अंड्यात हजारो पेशींची चकती तयार असते. उबेला ठेवल्यावर दुसरा दिवस सरता सरता हृदय हलू लागतं. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळ्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. दहाव्या दिवसापर्यंत चोच आणि कवच फोडण्यासाठी तिच्या टोकावर येणारा पांढरा कठीण कण ओळखता येतो. तेराव्या-चौदाव्यापर्यंत अंगावर लव येते. सतराव्या-अठराव्याला डोकं उजव्या पंखाखाली वळतं आणि चोच रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीजवळ येते. शेवटच्या दोन दिवसांत उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो, चोच आतला पडदा भेदून हवेच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुसं पहिल्यांदा श्वास घेतात. म्हणजे डोळा दिसतो का, लव आहे का, बलक बाहेर आहे की पोटात गेलाय, या तीन प्रश्नांनी मृत्यूची तारीख बऱ्यापैकी ठरते. असं पाहण्याची रीतही फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक ग्रंथात वीस किंवा जास्त अंडी कोंबड्यांखाली ठेवून दुसऱ्या दिवसापासून रोज एक फोडून पाहायला सांगितलं आहे, आणि तिसऱ्या दिवशी अंड्यात धडधडणारा रक्ताचा ठिपका ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्याला तापमापक ठाऊक नव्हता, त्यालाही ही वही वाचता येत होती.

गर्भ एकवीस दिवसांत सारख्या प्रमाणात मरत नाहीत, हे आणखी महत्त्वाचं. मृत्यूची पहिली लाट दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास येते, दुसरी अठराव्यानंतर. पहिल्या वेळी हृदय, रक्तवाहिन्या आणि मुख्य अवयव घडत असतात. दुसऱ्या वेळी कवचाखालच्या पडद्यातून होणारा श्वास सोडून फुफ्फुसांनी श्वास घ्यायचा असतो. मधला आठवडा त्या मानाने सुखरूप जातो. त्यामुळे नापास अंडी फोडल्यावर ती तीन ढिगांत पडतात: आत काहीच न वाढलेली किंवा पहिल्या आठवड्यातच थांबलेली, मधल्या काळात थांबलेली आणि पूर्ण वाढूनही बाहेर न आलेली. हे तीन ढीग तीन वेगवेगळ्या माणसांच्या तक्रारींसारखे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

पहिल्या ढिगात आधी एक निवाडा करावा लागतो. बीजच नव्हतं, की बीज होतं पण लवकर गेलं? सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं, की वाढत्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. जे अंडं साफ पिवळसर दिसेल ते त्याच दिवशी बशीत फोडावं. बलकावर बारीक, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपकाच असेल, तर अंडं निर्बीज. फिकट पसरलेली चकती, साय धरल्यासारखा डाग किंवा बारीक लाल कडं असेल, तर जीव होता आणि गेला. निर्बीज अंड्यांची चौकशी कोंबड्याकडे जाते, मशीनकडे नाही. ‘कोंबडा तर आहे की’ हे उत्तर इथे पुरत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी नर हवा. तो म्हातारा, लंगडा, फार जड किंवा उन्हाने मलूल झालेला असेल, तर असून नसल्यासारखाच. दोन नर दिवसभर एकमेकांना हुसकत असतील, तरी तेच. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं, पण आठ-दहा दिवसांनंतर त्याची ताकद घसरत जाते. म्हणून कोंबडा विकल्यावर पहिल्या आठवड्यातली अंडी उबतात आणि महिन्याने एकही उबत नाही. दुकानात मिळणारी लेअर फार्मची अंडी कितीही ऊब दिली तरी उबत नाहीत, कारण तिथे नरच नसतो. अशा अंड्यांसाठी मशीनचं तापमान खालीवर करत बसणं व्यर्थ आहे.

बीज होतं पण दोन-चार दिवसांत गेलं, रक्ताचं कडं दिसलं, तर संशय उबवणीपेक्षा साठवणीवर आधी घ्यायला हवा. अंडं २०-२१ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आतली वाढ थांबून राहते. त्याच्या वर ती रखडत, अर्धवट चालू होते. फेब्रुवारीनंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत फडताळातल्या अंड्याला ३० अंशांहून जास्त ऊब मिळते. नीट वाढायला ती कमी आणि झोपून राहायला जास्त. असा आठ-दहा दिवस रेंगाळलेला गर्भ मशीनमध्ये जातो तेव्हाच अर्धा खचलेला असतो. म्हणून अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावीत. दुपार होण्याआधी गोळा करून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात किंवा ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. अंड्यांना मात्र पाणी लागू देऊ नये. फ्रीज त्यासाठी फारच थंड. दुचाकीवर आदळत आणलेली अंडीही याच ढिगात येतात. ती आणल्यावर काही तास स्थिर ठेवून मग बसवावीत. आणि कोणी म्हणेल की पहिल्या दिवसांत मशीनही चुकू शकतं, तर ते बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात तापमान एक-दोन अंशांनी जास्त गेलं, तरी हीच खूण मागे राहते. पण त्याची पारख करता येते: त्याच मशीनमध्ये ताजी अंडी नीट वाढली आणि जुनीच गेली, तर मशीन निर्दोष.

मधल्या ढिगात सहसा थोडीच अंडी असतात. म्हणूनच तिथे गर्दी दिसली तर ती गांभीर्याने घ्यावी. या काळात गर्भ अंड्यातलं अन्न झपाट्याने वापरतो, त्यामुळे आईच्या आहारातली उणीव इथे उघडी पडते. ‘ब-२’ जीवनसत्त्व कमी असेल, तर गर्भ मधल्या दिवसांत मरतो आणि त्याची लव सरळ न वाढता गाठाळ, गुंडाळल्यासारखी दिसते. नुसत्या कण्या आणि ज्वारीवर बांधून ठेवलेल्या कोंबड्यांत हे होतं. मोकळ्या फिरणाऱ्या, गवत-किडे खाणाऱ्या कोंबड्यांत कमी होतं. हिरवा पाला, लसूणघास, ताक हे साधे उपाय आहेत. मात्र फरक अंड्यांत उतरायला दोन आठवडे द्यायला हवेत. दुसरं कारण नात्यातलं. एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला आणि त्याच्याच मुली-नाती अंड्यांना आल्या, तर उबवण हळूहळू घसरते. दुसऱ्या गावचा कोंबडा आणणं हा त्यावरचा स्वस्त इलाज. तिसरं कारण घाण. कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो, तो जंतूंना अडवतो. शेण लागलेलं अंडं थंड पाण्याने धुतलं, की लेप जातो, आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून घाण आत खेचली जाते. असं अंडं काळं पडतं, वास मारतं, कधी मशीनमध्येच फुटून शेजारची अंडीही नासवतं. उबवायला मुळात स्वच्छ अंडी निवडावीत. फार मळलेलं असेल तर खायलाही नको, बसवायलाही नको.

तिसरा ढीग मन दुखावणारा. पिल्लू पूर्ण आहे, लव आहे, चोच आहे, कधी कवचाला टोचाही मारलाय, आणि मेलेलं आहे. इथे बहुतेक वेळा प्रश्न पाण्याच्या हिशेबाचा असतो. कवच म्हणजे बंद भिंत नव्हे; त्यात सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. हर्मन राह्न, अमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात हिशेब मांडला होता: ६० ग्रॅमचं अंडं उबवणीच्या काळात सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेतं, साडेचार लिटर कर्बवायू बाहेर टाकतं आणि ११ लिटर पाण्याची वाफ गमावतं. ही वाफ जायलाच हवी, कारण तिच्या जागी हवेची पोकळी वाढते आणि पहिला श्वास त्याच पोकळीतला असतो. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं तर हिशेब जुळला. कमी घटलं तर पोकळी लहान राहते. पिल्लू सुजट, ओलं असतं, फोडल्यावर पाणी वाहतं, आणि टोचा मारल्यावर ते आपल्याच पाण्यात गुदमरतं. जास्त घटलं तर पिल्लू आकसलेलं असतं आणि पडदा कागदासारखा वाळून त्याला आवळतो. दोन्हींचा शेवट एकच असला तरी औषधं उलटी आहेत.

आणि इथेच ‘मशीनमध्ये वाटीभर पाणी ठेवा’ हा सर्वांना सारखाच दिला जाणारा सल्ला घात करतो. हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. कोकणात जुलैमध्ये २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांना तापली, की आत सुमारे ५० टक्के आर्द्रता राहते, आणि पहिल्या १८ दिवसांना ५०-५५ टक्केच लागते. म्हणजे तिथे बहुतेक पाणी नकोच. वाटी ठेवली तर पिल्लं बुडतील. तेच विदर्भात मे महिन्यात ३६ अंशांची, २० टक्क्यांची हवा आत घेतली तर १८ टक्केच उरतात. जानेवारीच्या रात्री पठारावर १५ अंश आणि ५० टक्के असतील तर जेमतेम १३. तिथे एक वाटी अपुरी आहे, पाण्याचा पृष्ठभाग मोठा हवा. म्हणून दुसऱ्याच्या मशीनमधली वाटी मोजू नये, आपली अंडी तोलावीत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दहा गावरान अंडी बसवताना ४५० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी तीच दहा ४३० च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ३९० ते ४०० ग्रॅमच्या मध्ये भरायला हवीत. वजन फार घटत असेल तर पाणी वाढवावं, घटत नसेल तर काढावं. अठराव्यानंतर मात्र सगळीकडेच आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण उघडू नये. दर तासाला डोकावून पाहण्याने कोरडी हवा शिरते आणि अर्धं बाहेर आलेलं पिल्लू पडद्यात आवळलं जातं.

याच ढिगात तीन खुणा अजून पाहाव्यात. चोच निमुळत्या टोकाकडे असेल, तर अंडं उलटं, रुंद टोक खाली करून ठेवलं गेलं होतं. गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटलेला आणि पांढरा भाग न वापरता पडून राहिलेला असेल, तर अंडी फिरवली गेली नाहीत. ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. आकडा विषम अशासाठी, की रोजची लांब रात्र एकाच बाजूवर जाऊ नये. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवावं. तिसरी खूण बाहेर आलेल्या पिल्लांत दिसते: विसाव्या दिवसाच्या आधीच, कच्च्या बेंबीची, किरकोळ पिल्लं निघाली तर तापमान जास्त होतं, बाविसाव्यापर्यंत लांबली आणि पिल्लं मोठी, मऊ, सुस्त असली तर कमी होतं. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.७ अंश, पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९. पण हे आकडे दाखवणारा तापमापकच खोटा बोलत असेल तर? वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात तो शून्य दाखवतो का ते पाहावं, आणि तापाच्या थर्मामीटरशी ३७-३८ अंशांना ताडून घ्यावा. हेही ध्यानात ठेवावं, की बल्ब फक्त तापवू शकतो. खोलीच ३९ अंशांवर गेली तर कोणताही थर्मोस्टॅट अंड्यांना वाचवू शकत नाही. लोडशेडिंगची भीती आपल्याकडे फार, पण अर्धा-एक तास गार होणं गर्भ बहुधा सोसतो, चाळीसच्या वर तापणं सोसत नाही. वीज गेली तर पेटी बंद ठेवावी, गोधडी टाकताना हवेची भोकं मात्र मोकळी ठेवावीत. शेवटच्या दिवसांत गर्भांना सगळ्यात जास्त हवा लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो खुडूक कोंबडीच्या बाजूने. आजीच्या कोंबडीने तापमापकाशिवाय पिल्लं काढलीच ना? काढली, कारण कोंबडी हे सगळं स्वतः करते. छातीखालची पिसं गळून उघडी पडलेली ऊबदार कातडी ती थेट अंड्यांना लावते, चोचीने अंडी वारंवार फिरवते, रोज थोडा वेळ उठून खाऊन-पिऊन येते. पण तिच्याखालचीही अंडी फसतात आणि तिथेही हाच पुरावा कामाला येतो. दहा-बारा अंड्यांच्या कोंबडीखाली अठरा ठेवली तर कडेची आळीपाळीने गार पडतात. दुसऱ्या कोंबड्यांनी मागाहून घातलेली अंडी त्यात मिसळली तर ती मागे राहतात, आणि पहिली पिल्लं निघाली की आई उठून जाते. बसवताना कवचावर पेन्सिलीने तारीख घातली, तर हे गूढ राहत नाही. दुसरा आक्षेप गडगडाटाचा. वळवाच्या दिवसांत अंडी जास्त नासतात हे निरीक्षण चुकीचं नाही. चुकतो तो अर्थ. त्या पावसाच्या आधी महिनाभर अंडी उन्हाळ्यात साठवलेली असतात, कोंबडा उन्हाने थकलेला असतो, आणि ढग येतात तेव्हा हवेचा ओलावा एकाएकी बदलतो. शिवाय गडगडाट डालग्यातल्या बाराही अंड्यांनी ऐकलेला असतो. त्यातली चार उबली आणि आठ नासली, तर फरक आवाजाने पडलेला नाही. तो कशाने पडला, हे त्या आठ अंड्यांतच पाहायला मिळेल.

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: एक-दोन अंड्यांवरून निष्कर्ष काढू नये. अगदी मान्य. मोठ्या, सगळी साधनं असलेल्या हॅचरीतही सबीज अंड्यांतली सगळी उबत नाहीत. शंभरातली पंच्याऐंशी-नव्वद उबली तर काम चांगलं मानतात. म्हणून दहातलं एखादं अंडं का गेलं याचं उत्तर नसतं आणि शोधूही नये. शोधायचा असतो तो ढीग. सहा अंडी एकाच दिवसाच्या आसपास थांबली असतील, तर तिथे कारण आहे. सहा अंडी सहा ठिकाणी विखुरली असतील, तर ते बहुधा नेहमीचं नुकसान आहे. यासाठी दोन आकडे वेगळे ठेवावेत: बसवलेल्यांपैकी किती सबीज होती, आणि सबीजांपैकी किती उबली. बारातली चार उबली हे वाईट वाटतं; पण सात निर्बीज होती हे कळलं, तर पाचातली चार उबली असा अर्थ निघतो, आणि कोंबडी आणि मशीन दोघंही निर्दोष सुटतात. चौथा आक्षेप मनाचा आहे: मेलेलं पिल्लू उघडून पाहणं नको वाटतं. ते वाटणं योग्यच आहे. पण तो जीव आधीच गेलेला आहे, आणि न पाहता फेकल्याने त्याचा मान राखला जात नाही. तो का गेला हे समजून पुढचे दहा वाचवणं हीच त्याची कदर.

काम तासाभराचं आहे. शेवटचं पिल्लू निघाल्यावर दोन दिवस थांबावं, म्हणजे उशिरा येणाऱ्याला संधी मिळते. मग उरलेली अंडी अंगणात, नाकाला फडकं बांधून, रुंद टोकाकडून फोडावीत. पाझरणारं, वास मारणारं अंडं फोडू नये, तसंच पुरावं. प्रत्येकापुढे वहीत चार गोष्टी लिहाव्यात: अंडं घातल्याची तारीख, कुठल्या कोंबडीचं, गर्भ कितव्या दिवशी थांबला, आणि पाणी जास्त की कमी. मग सगळं खोल पुरून हात साबणाने धुवावेत. तीन खेपांच्या नोंदी झाल्या, की आपल्या घरातली, आपल्या हवेतली, आपल्या कोंबड्यांची चूक आपल्यालाच दिसू लागते; ती कुठल्याही पुस्तकात छापलेली नसते. अंडं टाकायचंच आहे, तर फोडून, पाहून आणि लिहून टाका.